उंच गाडीचा जोर

आमच्या दूध संस्थेची जुनी पिकअप चेअरमनसाहेबांनी रुबाबासाठी उंच करून मोठ्या टायरांवर चढवली होती. दुष्काळात मी तिच्यातूनच चारा छावणीला पाणी न्यायचो. चढावर ती धापा टाकायची, मग मी अर्धी टाकी पाणी रस्त्यावर सोडायचो.

बीडच्या एका मिस्त्रीला म्हणालो, "स्वस्तात जोर वाढवा."

त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला, मूठ कानाला लावून डोळे मिटले. मग एअर फिल्टर दगडावर आपटला. ओंजळभर माती पडली.

"जोर हाय तिच्यात, पण ह्ये मोठे टायर फिरवण्यातच जातोय. पहिले बारके टायर बसवा."

"गाडी बुटकी दिसंल की."

"जनावरं गाडी बघत न्हाईत भाऊ, पाणी बघतेत."

आता भरली टाकी चढ चढते. चेअरमनसाहेब मात्र तेव्हापासून तिच्यात बसलेले नाहीत.