वकिलाने खरं सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — छे, हेही खरं कारण नव्हे. राहू दे.

माझा मित्र विलास निजामपुऱ्यात आमच्याच सोसायटीत राहतो. शाळेची व्हॅन चालवायचा. त्याचा डावा डोळा गेलाय. कुणी विचारलं तर सांगतो — दमणच्या हॉटेलात बाथरूममध्ये घसरलो.

तो घसरला नव्हता.

आम्ही दारूबंदीतली बडोद्याची माणसं दमणला कशाला जातो, ते काय सांगायचं? दोघंच गेलो होतो. बारमध्ये त्याने शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशी माझ्या बढतीची टर उडवली आणि मी हातातला ग्लास त्याच्या तोंडावर फेकला. निसटला वगैरे नाही, फेकलाच.

वाटलं ना, हाच तो गुन्हा? मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

बाथरूमची गोष्ट दवाखान्यात विलासनेच रचली. प्यायलो हे लपवायचं, ही आम्हा गुजरातेतल्यांची सवय. जिथे दारू उघड विकतात तिथेही ती सुटत नाही. पण एका डोळ्यामुळे व्हॅन चालवणं बंद पडलं, घर चालेना, तेव्हा त्याने चाचरत विचारलं — तक्रार केली तर? मी म्हणालो, वकिलाला विचारून येतो. मारणारा मी, आणि सल्लाही मीच आणायचा! त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मित्र ना.

वकील सरळ माणूस. "दमणमां पीधुं एमां गुनो शानो?" म्हणाला. दमणमध्ये पिणं गुन्हाच नाही, पिणाऱ्याला काही होत नाही. मारणाऱ्यावर फौजदारी होते, वर भरपाईही द्यावी लागते.

मी जिना उतरलो. नोकरी जाईल, लोक काय म्हणतील — एवढंच डोक्यात होतं. त्याचा डोळा? नव्हता डोक्यात.

आणि मी विलासला काय सांगितलं? "वकील म्हणतो, तोंड उघडलंस तर आधी तूच दारूच्या केसमध्ये आत जाशील."

त्याने ऐकलं. भरपाईच्या दाव्याची मुदत संपेपर्यंत मी रोज त्याच्याकडे जात राहिलो. लोक म्हणायचे, केवढा जीव आहे मित्रावर! मी पहारा देत होतो.

आता त्याची बायको, मीनावहिनी, डबे करतात आणि विलास खंडेराव मार्केटातून भाजी आणून देतो. परवा त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. त्याने मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं. म्हणाला, "माझ्या वाईट दिवसांत सख्खा भाऊ फिरकला नाही. वकिलाकडे धावला तो हा."

"बस ने यार, त्यात काय," मी म्हणालो, आणि व्याह्यांनी पुढे केलेला पेढा तोंडात टाकला.