जास्तीचा बर्फ

वॉर्डमधून फोन आला तेव्हा मी ताईसाठी मऊ भात डब्यात भरत होते. पलीकडची नर्स ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणाली, आणि मी डब्याचं झाकण घट्ट लावलं... सवयीनं. त्याला पाच आठवडे झाले. बर्मिंगहॅमचा हिवाळा तसाही लवकर सरत नाही, यंदा तर मलाच तो रेटवत नाही.

शैलाताई माझी मोठी बहीण, जन्मभर नर्स. लग्न केलं नाही, पण लोकांच्या तान्ह्या बाळांची काळजी अशी वाहिली की विचारू नका. तरुणपणी दोन वर्षं ती पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावर होती. तिथे हेपटायटिस बी आईकडून बाळाला व्हायचा आणि पुढे लिव्हर पोखरायचा. जन्मल्यापासून एका दिवसात लस टोचली तर बहुतेक बाळं वाचायची. लस बोटीनं यायची. उन्हाचा तडाखा पाहून ताईनं एकदा कुप्यांभोवती जास्तीचा बर्फ ठासून भरला. आमच्या घरात काळजी म्हणजे सगळं जास्तीचंच, चहातल्या साखरेपासून पाहुण्याच्या आग्रहापर्यंत. पण ही लस गोठली की वाया जाते, हे तिला काही आठवड्यांनी एका जुन्या नर्सकडून कळलं. ताईनं स्वतः घरोघर जाऊन चूक सांगितली आणि नवी लस येताच सगळ्या बाळांना पुन्हा टोचलं. मात्र लूसी नावाच्या मुलीच्या आईलाच तो आजार होता. लूसीला पहिल्या दिवसाचीच सुई हवी होती, आणि तो दिवस केव्हाच गेला होता.

मग इथे बर्मिंगहॅमला आल्यावर ताईचं दर वर्षी बेटावरच्या दवाखान्याला पत्र. उत्तर यायचं, मुलगी मजेत आहे. रक्त तपासलं का, यावर अवाक्षर नाही. मी वैतागायचे. “अगं, वीस वर्षं झाली, सोड ना आता!”

“सुई तू टोचली नव्हतीस,” एवढंच ती म्हणायची.

जानेवारीत ताई हॉस्पिटलमध्ये असताना उत्तर आलं. मी ते बसमध्येच फोडलं. पहिल्याच पानावर होतं, लूसीचं रक्त तपासलं, तिला हेपटायटिस बी आहे. पुढचं वाचायचं त्राणच उरलं नाही. पत्र पर्समध्ये कोंबलं.

“पत्र आलं का गं?” ताईनं विचारलं.

“नाही गं. येईल सावकाश.”

तीन दिवस ती विचारत राहिली. चौथ्या दिवशी विचारलं नाही. मला हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

अंत्यसंस्कारानंतर पर्स रिकामी करताना दुसरं पान वाचलं. लूसीला अजून काही त्रास नाही. तिला वर्षाचा मुलगा आहे. चूक कबूल करायला दारात आलेल्या इंडियन सिस्टरची गोष्ट आईनं तिला लहानपणापासून सांगितलेली, म्हणून दिवस भरण्याआधीच ती दवाखान्याजवळ येऊन राहिली. बाळाला पहिल्या अंघोळीआधी सुई मिळाली. त्याचं रक्त तपासलंय, अगदी स्वच्छ आहे.

रोज दुपारी मी ताईच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून उत्तर लिहायला घेते. शैला गेली, हे लिहून होतं. पण पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, बाळाचं ऐकून सिस्टर काय म्हणाल्या...