लाल दोऱ्याचे टाके

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शिरूरच्या दवाखान्यातून तिला दोनदा परत पाठवलं, दोन्ही वेळा रक्तदाबामुळे. गावातले डॉक्टर आमच्या ओट्यावर तपासत तेव्हा दाब ठीक असायचा. ऑपरेशनच्या दिवशी मात्र चढायचा.

आमच्या धनगरांत दवाखान्यात कुणी एकटं जात नाही. कवठ्याहून जीप भरून भावकी यायची. निघताना आईच्या कपाळी भंडारा लावायचा, बायका गळ्यात पडून रडायच्या.

"आक्का, काय खावंसं वाटतंय ते खाऊन घ्या," चुलती म्हणायची.

"मला पोचवायलाच निघालीत जनू समदी," आई हसायची. पण हात गार पडलेले असायचे.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. दहावीपुढे गेलेली घरातली मी पहिलीच, तेही आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, हट्टामुळे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींविषयी मी त्यांना सांगितलं. भीती वाटली की त्यांतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. काळजी लांबली की कॉर्टिसॉल तो लवकर उतरू देत नाही.

आप्पांनी शांतपणे ऐकलं. "मेंढराचं बी तसंच हाय. कातरताना बुजलं का डोळ्यांवर हात ठिवायचा, गप पडतं. आता तिला गुपचूप न्हेऊ. कुनाला सांगायचं न्हाई."

पण पुढची तारीख मिळण्याआधीच आप्पा गेले. त्यांचं तोंड आईला दिसलं नाही. तिनं ते हातांनी चाचपून पाहिलं.

काही महिन्यांनी मी एकटीच तिला एसटीनं घेऊन गेले. दाब याही वेळी चढलेलाच. नर्स म्हणाली, "बसू द्या जरा." मी आईच्या डोळ्यांवर तळहात ठेवला.

"काय करतीस गं?"

"आप्पांनी सांगितलं होतं."

माझा हात ओला झाला. मग हळूहळू तिचा श्वास संथ झाला. पुन्हा मोजला तेव्हा दाब उतरला होता.

पट्टी निघाल्यावर घरी आलो. खुंटीवर आप्पांची काळी घोंगडी होती. आईची नजर गेल्यापासून फाटकं तेच शिवायचे. घोंगडीभर लाल दोऱ्याचे वेडेवाकडे टाके.

"काळा दोरा न्हाई घावला व्हय ह्यांना?" आई हसली. मग घोंगडी छातीशी धरून खाली बसली.

"टाकं हाताला कळायचं गं," ती म्हणाली. "रंग कसा कळावा?"