मापाचं ब्लाऊज

"परत मोजा, ताई." औरंगपुऱ्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात मॅडम हात वर करून उभ्या राहायच्या आणि मी टेप गुंडाळायला लागले की हे म्हणायच्या. त्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. कुलूप लावल्यावर पुन्हा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडमच्या ओढण्यात भीती नसायची, हौस असायची.

एकदा त्यांनी मापाला स्वतःच्या लग्नातलं ब्लाऊज आणलं. इतक्या वर्षांत बाईचं अंग साधारण किती वाढतं, याचा आम्हा शिवणाऱ्यांना अंदाज असतो. पण ब्लाऊजवरून बांधलेला तो अंदाज आणि आजचं अंगावरचं माप जुळेना. टेप जुना होऊन ताणला असेल, असं मी खालमानेनं म्हटलं. शेजारच्या दुकानातून नवा आणला. फरक तेवढाच. मी ओशाळले. मॅडम स्टुलावर बसून हसत सुटल्या.

"ताई, तुम्ही माझं भाषण शिवून दिलंत."

त्या भाषणाचा त्यांना घोर लागला होता. निवृत्तीआधी गल्लीतल्या बायकांना विश्वाची गोष्ट मराठीत सांगायची, हा त्यांचा हट्ट. मागच्या वेळी अर्ध्या बायका उठून गेल्या होत्या. कॉलेजातले एक सर म्हणाले होते, हे बायकांच्या डोक्यावरून जाणार.

या वेळी समाजमंदिरात मॅडम ते ब्लाऊज आणि माझा टेप घेऊन उभ्या राहिल्या. विश्व ताणत चाललंय, म्हणाल्या. किती वेगानं, ते काढायच्या दोन रीती. एक, आजच्या विश्वाला टेप लावायचा, म्हणजे आसपासच्या आकाशगंगांमधले तारे बघायचे. दुसरी, विश्वाच्या बाळपणीचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचतो, ते मापाचं ब्लाऊज. त्यावरून आजचा वेग काढायचा. दोन्ही आकडे जुळत नाहीत. जगभर परत परत मोजलं, तरी नाहीत.

"टेपच खोटा असंल," मागून भाजीवाली मावशी म्हणाली.

"असेल. नाहीतर मधल्या काळात काहीतरी घडलंय, जे अजून कुणालाच ठाऊक नाही."

"तुमच्या मधल्या काळात पुरणपोळ्या घडल्या, मॅडम," मावशी म्हणाली.

सगळ्या हसल्या, मॅडम सर्वांत जास्त. पण एकही उठली नाही. घरी कुकर लावायचे होते, तरी बायका विचारत राहिल्या. दाराशी ताटकळलेले ते कॉलेजातले सरही अखेर सतरंजीवर टेकले.

मॅडम आता लेकीकडे पुण्याला असतात. ते ब्लाऊज माझ्या खुंटीवरच राहिलं. मावशी येता-जाता विचारते, "जुळलं का गं मॅडमचं?"

मी फारशी बोलत नाही. पण हे उत्तर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं देते. "नाय अजून." आणि दुकानातल्या आम्ही सगळ्याजणी जिंकल्यासारख्या हसतो.