सरळ केलेली चप्पल

सत्यशीला परचुरे दुसऱ्याच्या घरात शिरल्या की आधी चपला बघायच्या, माणसं नंतर. लोकांना वाटायचं, बाई खाली मान घालून आल्या, किती साध्या! साध्या कसल्या डोंबलाच्या. त्यांची तपासणी उंबऱ्यातच सुरू झालेली असायची.

घरातल्याच माणसांकडून ज्यांचा छळ होतो अशा म्हाताऱ्यांसाठी आमची संस्था काम करते. संस्थेचं नाव सांगत नाही; पुण्यात नाव सांगितलं की लोक आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. फोन येतो शेजाऱ्याचा, कामवाल्या बाईचा, क्वचित खुद्द त्या म्हाताऱ्या माणसाचा. मग आम्ही दोघं त्या घरी जातो आणि धोका किती आहे ते ठरवतो. कमी असेल तर अधूनमधून जात राहायचं. मध्यम असेल तर पंधरवड्याच्या आत पुन्हा जायचं. तातडीचा असेल तर त्याच दिवशी पोलीस आणि डॉक्टर बरोबर न्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात समोरची आजी हसून म्हणते, "मला कसला त्रास? मुलगा देवमाणूस आहे," आणि तुम्ही बसा तिच्या मनगटावरचा काळानिळा डाग बघत. शुद्धीतल्या, शहाण्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध घराबाहेर काढता येत नाही, काढूही नये. पण तो जे बोलतोय ते त्याच्या मनाचं आहे की भीतीचं, हे ओळखायचं कसं, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

मी रंगनाथ, पोस्टातून निवृत्त झालेला. बायको गेल्यावर भिंतींशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा बरं म्हणून या कामात आलो. सत्यशीलाबाईंची आणि माझी जोडी जमली, कारण माझ्याकडे स्कूटर होती आणि बाकी कुणी त्यांच्या तोंडी लागायला तयार नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, सुरक्षा विभागात झाली. कुठे ठिणगी पडू शकते ते आधीच हेरायचं, हे त्यांचं काम. "अपघात झाल्यावर इथे धोका होता हे गाढवही सांगतं, रंगनाथराव. आपण आधी सांगायचं." लग्न केलं नाही. कुणी भोचकपणे विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसभर स्फोटकं सांभाळल्यावर घरी आणखी कोण सांभाळणार?" निवृत्तीनंतरही खडकीतच दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. वस्तू जागच्या जागी असण्याची सवय हाडीमांसी भिनलेली. परक्याच्या भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ करताना मी त्यांना पाहिलंय. पुन्हा वर चहाची कपबशी हातात घेऊन, जणू काही झालंच नाही!

चपलांचं गणित त्यांचं स्वतःचं. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाची चप्पल दाराशी नाही, त्या घरात ते माणूस बाहेर जात नाही. आणि जे बाहेर जात नाही, ते कुणाला दिसत नाही. मारणारा हात कुणाच्या तरी नजरेला भितो, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. नारायण पेठेतल्या एका वकिलाच्या घरी आम्हाला चांदीच्या वाटीतून शिरा मिळाला होता. मुलगा आईला "अहो आई, आपण सांगा ना यांना" असं म्हणत होता. मी तर शिऱ्यावरच भाळलो. बाईंनी मात्र विचारलं, "आईंच्या चपला कुठे आहेत हो?" चपला माळ्यावर होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आई आठवडाभरात तिच्या भाचीकडे गेली आणि अजून ठणठणीत आहे.

तेव्हापासून मी त्यांना चपलावाल्या बाई म्हणायचो. त्या चिडायच्या नाहीत, उलट जरा खूशच व्हायच्या.

वारज्याचा फोन स्पृहाचा होता. आयटीतली मुलगी, घरून काम करणारी. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींचा आवाज येतो, म्हणाली. "म्हणजे आधी त्यांच्या मुलाचा येतो, मग काहीतरी आपटल्याचा, आणि मग आजींचा. इट्स हॉरिबल, काका." आजींचं नाव सुशीलाबाई. परभणीकडच्या. नवरा नागोराव गेल्यावर मुलगा साईनाथ त्यांना इथे घेऊन आला. त्याची बायको माहेरी निघून गेलेली. घरात दोघंच. आजींना विसरायला होतं, कपडे ओले होतात, दूध उतू जातं. आम्ही कधी येणार ते स्पृहानं गॅलरीच्या जाळीतून आजींना हळूच सांगूनही ठेवलं होतं.

आम्ही दुपारी गेलो. दार साईनाथनंच उघडलं. चाळिशीचा, थकलेला, नम्र माणूस. त्या दिवशी तो घरीच होता. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यानं आदळआपट केली नाही. आईशी एकटीशीच बोलायचंय म्हटल्यावर "बोला ना, मी दूध घेऊन येतो," म्हणून सरळ खाली उतरला. लपवाछपवी करणारे सहसा असं करत नाहीत.

दाराच्या आत चपलांचं छोटं लाकडी रॅक होतं. साईनाथचे बूट, त्याच्या स्लीपर आणि खालच्या फळीवर निळ्या पट्ट्यांची बायकी चप्पल. जोडीतली एक उलटी पडली होती.

आपल्याकडे उलटी चप्पल दिसली की काय करतात ते सांगायला नको. घरात भांडणं लागतात म्हणतात. सत्यशीलाबाई असलं काही मानायच्या नाहीत, पण लहानपणी आईनं पाठीत घातलेले धपाटे माणूस मानायचं थांबवत नाही. त्यांनी आत शिरता शिरता पायाच्या अंगठ्यानं ती चप्पल सरळ केली, बाजूच्या चपलेला नीट लावली आणि पुढे झाल्या. मी मागेच होतो. त्या तिथे नसत्या तर मीच केली असती.

सुशीलाबाई पलंगावर बसून होत्या. अंगानं चिमुकल्या, डोक्यावर पदर. त्यांनी आधी सत्यशीलाबाईंच्या चेहऱ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं.

"काय त्रास आहे का आजी? मोकळेपणानं सांगा. तो खाली गेलाय."

"नाही वो बाई. माझं लेकरू लई जीव लावतंय मला. काय कमी हाय?"

"हाताला काय झालं?"

"न्हाणीत पाय घसरला."

"बाहेर जाता का?"

यावर त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जाते की. खाली बाकावर बसते बायांमंदी."

सत्यशीलाबाईंनी पुष्कळ विचारलं. औषधं कोण देतं, जेवण कधी होतं, रात्री भीती वाटते का. सगळ्याला उत्तर एकच, लेकरू चांगलं आहे. निघताना सुशीलाबाईंनी आम्हाला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि सत्यशीलाबाईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडेचनात. दाराशी आम्ही आपापल्या चपला घालत होतो तेव्हा त्या भिंतीला धरत धरत मागे आल्या आणि त्या रॅककडे बघत उभ्या राहिल्या. डोळे भरले होते. म्हाताऱ्या माणसांचे निरोप घेताना भरतातच.

खाली बाकावर दुपारच्या उन्हात चिटपाखरूही नव्हतं. स्पृहाला विचारलं तर म्हणाली, दिवसभर मी दार लावून कामात असते, कोण खाली जातं-येतं ते दिसत नाही. पुढच्या वेळी संध्याकाळी येऊन तिथल्या बायकांना विचारायचं, असं ठरलं. स्कूटरशी उभं राहून आम्ही हिशेब मांडला. डाग आहे, शेजारणीनं ऐकलंय, मुलगा थकलेला आहे, घरात तिसरं माणूस नाही. हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट होती, पण वजनदार.

"बाई रोज बाहेर जातात," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "चार जणी त्यांना रोज बघतात. चप्पल दाराशी आहे. त्यांना बोलायचं असेल तर बोलायला जागा आहे. आपण आज पोलीस आणले तर त्या नाही म्हणतील आणि आपली पाठ फिरल्यावर त्याचा राग त्यांच्यावरच निघेल. मध्यम."

मलाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

पंधरवडा संपायच्या आत स्पृहाचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. आजींना ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं, डोक्याला मार होता आणि खुबा मोडला होता.

आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा साईनाथ बाहेरच्या बाकावर ओंजळीत तोंड घालून हुंदके देत होता. रडणं खोटं नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. खोटं असतं तर निदान एका शब्दात त्याला नालायक ठरवून मोकळं होता आलं असतं. पोलीस येऊन गेले होते. सुशीलाबाईंनी त्यांना सांगितलं होतं, मीच पडले.

आत त्या पांढऱ्या चादरीखाली दिसतही नव्हत्या, इतक्या लहान झाल्या होत्या. सत्यशीलाबाई शेजारी स्टुलावर बसल्या. बऱ्याच वेळानं सुशीलाबाईंनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं आणि अगदी हळू, तक्रारीच्या सुरात म्हणाल्या,

"बाई, तुम्ही चप्पल सरळ केली."

सत्यशीलाबाईंना आधी कळलंच नाही. "कुठली चप्पल, आजी?"

"मी उलटी ठिवली होती. त्या पोरीनं सांगितलं, तुम्ही येणार म्हणून. भिंत धरत गेले आन् ठिवली. बोलता येत नव्हतं मला. त्यानं माझा हात त्याच्या डोक्यावर ठिवून शपथ घातली होती. कुणापाशी बोललीस तर मी मरंन म्हणला. लेकराची शपथ मोडायची कशी?" त्यांना धाप लागली. "म्हणलं, उलटी चप्पल बघून बाई समजतील, या घरात काय चाललंय. तिचा तळ बघतील. पुण्याला आले तवा घेतली त्यानं. एक बार नाही घातली. बाहेरून कुलूप लावून जातो."

"मग बाकावर बसते म्हणालात ते?"

"ते बी त्यानंच शिकवलं होतं." मग त्यांनी सत्यशीलाबाईंचा हात चाचपला. "पण मी त्याच्यावर काय बोलले नाही बरं. आत्ता बी नाही. चपलेचं सांगितलं फक्त. शपथ मोडत नाही ना तेवढ्यानं?"

सत्यशीलाबाई म्हणाल्या, "नाही आजी. नाही मोडत."

तिसऱ्या दिवशी सुशीलाबाई गेल्या.

सत्यशीलाबाई पोलीस चौकीत गेल्या आणि सगळं सांगितलं. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मयत बाई स्वतः म्हणाल्या की पडले. चप्पल उलटी होती, यावर मी काय लिहू?" स्पृहानं जबाब दिला. प्रकरण चालू आहे म्हणतात. म्हणजे पडून आहे. साईनाथनं आईचे दिवस केले, वारज्याचा फ्लॅट सोडला आणि वाघोलीकडे राहायला गेला. तो जिवंत आहे. आईनं शपथ पाळली ना!

मी सत्यशीलाबाईंना समजावायला गेलो. म्हटलं, यात तुमचा काय दोष? उलटी चप्पल कोण सरळ करत नाही? त्या म्हणाल्या, "कारखान्यात माझा नियमच होता, रंगनाथराव. जागेवर नसलेली वस्तू दिसली तर तिला हात लावायचा नाही. आधी विचारायचं, ही अशी का आहे. सगळी नोकरी मी हे पोरांना शिकवलं. आणि त्या बाईनं आयुष्यात एकच वस्तू जागेवरून हलवली, ती मी पायानं सरकवली." मला भडभडून आलं. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाण्याचा टिपूस नव्हता, आणि ते बघवत नव्हतं.

काम त्यांनी सोडलं नाही. आता त्या प्रत्येक घरात शिरताना म्हाताऱ्या माणसाची चप्पल हातात घेतात, उलटी करतात, तळ बघतात. परवा कोथरूडला एक सूनबाई किंचाळल्याच, "अहो, हे काय करताय? घरात भांडणं लागतील!" सत्यशीलाबाई म्हणाल्या, "लागू देत. मग निदान ऐकू तरी येतील."

गेल्या रविवारी मी खडकीला त्यांच्या घरी गेलो होतो. फोन उचलत नव्हत्या म्हणून काळजी वाटली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्या खिडकीशी बसल्या होत्या, केस विंचरलेले नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं. दाराशी त्यांच्या नेहमीच्या काळ्या चपला, आणि त्यांच्या बाजूला निळ्या पट्ट्यांची जोडी. फ्लॅट रिकामा करताना साईनाथनं कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती. स्पृहानं ती उचलून यांना आणून दिली. जोडीतली एक चप्पल उलटी होती. तळ कोरा करकरीत, टाचेपाशी दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं.

माझा पाय सवयीनं पुढे झाला.

"राहू द्या," त्या खिडकीशी बसूनच म्हणाल्या. "हात लावू नका तिला. ती तशीच ठेवलीय."

मी तिला ओलांडून आत गेलो आणि चहाचं आधण ठेवलं.