मंगल कार्यालयापुढचा फुटपाथ

वारज्यातल्या आमच्या गॅलरीतून मावशीच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. एवढ्याशा अंतरासाठी मला गाडी काढावी लागायची. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या हातात वॉकर आला, तेव्हापासूनची ही गोष्ट.

आमच्या फाटकापुढे फुटपाथ होता, मावशीच्या इमारतीपुढेही होता. मधे मंगल कार्यालयाच्या भिंतीपाशी मात्र तो गायब व्हायचा. तिथे उतरून थेट बस आणि टेंपोंच्या मधून चालायचं. मावशी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिचं बोलणं नीट कळायचं नाही, समोर बसलं की आईला सगळं कळायचं. म्हणजे दोघी बहिणींची भेट माझ्या सुट्टीवर आणि खरं सांगायचं तर माझ्या मूडवर अवलंबून.

"मला कोणी पोचवायला नको," आई म्हणायची. "पोचवतात ते पार्सल."

महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवते. आईने फुटपाथचा तेवढा तुकडा जोडून मागितला. त्या वर्षी आमच्या रस्त्यावर बाकडी आली.

"चालायला मागितलं, बसायला मिळालं," असं म्हणून तिने पुढच्या वर्षी पुन्हा सूचना पाठवली. शाळेत जन्म घालवलेली बाई, एकदा सांगून कोणी ऐकत नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. या वेळी पैसे मंजूर झाले. काम सुरू झाल्यावर ती रोज गॅलरीत उभी राहायची. जणू स्वतःचंच घर बांधलं जात होतं.

काम संपलं त्या रविवारी तिने मावशीसाठी मऊ सांजा केला, डबा वॉकरला अडकवला आणि निघाली. मी मागोमाग. कार्यालयापुढे पोचलो तर नव्याकोऱ्या फुटपाथच्या बरोबर मधोमध दोन पाइप रोवून बोर्ड उभा केलेला. हात जोडलेले नगरसेवक आणि खाली 'माननीयांच्या संकल्पनेतून साकारलेला पदपथ'. धडधाकट माणूस अंग चोरून गेला असता, वॉकर जाईना. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "उतर रस्त्यावर, मी गाड्या थांबवते."

"रस्त्यावरूनच जायचं होतं, तर हे मागितलं कशाला?" असं म्हणून ती मागे फिरली. सांजा आम्ही दोघींनी घरी खाल्ला.

दुपारी तिने नगरसेवकांना फोन लावला. "अहो, पदपथ उत्तम झालाय, आपले मनापासून आभार. फक्त आपल्या संकल्पनेत माझा वॉकर मावत नाही. आपण एकदा येऊन बघाल का?"

गृहस्थ खरंच आले. आईचा वॉकर मागून घेतला, स्वतः चालून पाहिलं आणि स्वतःच्याच फोटोखाली अडकले. मग ओशाळून हसले. तेव्हाच माझा त्यांच्यावरचा राग गेला. बोर्ड आता कार्यालयाच्या भिंतीवर आहे, पहिल्यापेक्षा मोठा.

बोर्ड हलल्यावर आई पुन्हा निघाली. "तू येऊ नकोस," तिने बजावलं. मी गॅलरीत उभी राहिले. कार्यालयापुढच्या गुलमोहराआड ती दिसेनाशी झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं तिने.

फोन आला. "पोचले," आई म्हणाली. मागून मावशी अडखळत काहीतरी विचारत होती. मला शब्द कळले नाहीत, पण आईचं उत्तर ऐकू आलं.

"कोणी नाही गं आणलं. माझी मी आले."

गाडीची किल्ली मी मघापासून मुठीत धरून उभी होते. ती खुंटीला लावली आणि जरा वेळ तिथेच रडले.