तेल वाढत होते तेव्हा

जयवंतराव घाडी गेले, हे त्यांच्या कन्येने, वीणाने, दूरध्वनीवरून कळविले तेव्हा मी देवळात नैवेद्याच्या तयारीत होतो. "गुरुजी, बाबा सकाळी गेले... चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि तसेच टेकले," एवढेच ती बोलू शकली. देवापुढे नैवेद्य ठेवला, पण पुढचा मंत्र काही केल्या आठवेना. मढच्या तरीने वर्सोव्याला उतरून अंधेरीला पोहोचेपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत होता, आणि त्याची मला लाज वाटत होती. मित्र गेल्याच्या दुःखाआधी मला भीती वाटली होती. यंदा होड्या ओढताना ट्रॅक्टरच्या इंजिनाजवळ कोण उभे राहणार?

मढला राहायला आल्यावर माझी त्यांची ओळख झाली. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो, कोळीवाड्यातल्या देवळाची पूजा पत्करली आणि देवळामागच्या पडवीत उभा असलेला जुना ट्रॅक्टर आपोआप माझा शेजारी झाला. तो ग्रामस्थ मंडळाचा. मासेमारीच्या पावसाळी बंदीआधी वाड्यातल्या होड्या पुळणीवरून वर ओढायच्या आणि उत्सवात देवीचा रथ ओढायचा, हे त्याचे काम. जयवंतराव मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, हे स्वतः अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात डिझेल इंजिने दुरुस्त करीत. मढला यायचे ते केवळ त्या ट्रॅक्टरच्या प्रेमापोटी. पहिल्याच भेटीत त्यांनी मला एक काम लावून दिले. इंजिनातली तेलाची काडी उपसायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते पाहायचे. "पूजा झाली की रोज बघा, गुरुजी. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं तर मला फोन करा. तुम्ही नेमाचे माणूस, ह्या पोरांचा काय भरोसा नाय." मी ते व्रत म्हणून स्वीकारले. माझ्या गाभाऱ्यात नंदादीप अखंड तेवत असतो. तेल कमी पडू न देणे हे ज्याचे नित्यकर्म, त्याला हे काम परके वाटण्याचे कारण नव्हते. माझी चूक नेमकी तिथेच झाली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बंदी सुरू व्हायला दोन दिवस उरले होते आणि शेवटची होडी वर घ्यायची होती, हरेश्वर नाखव्याची. त्याचे आणि त्याच्या पत्नीचे, चंद्राचे, सारे आयुष्य त्या एका होडीवर उभे होते. उताराच्या डाव्या अंगाला खडक आहेत. अर्ध्यावर अडकलेली होडी भरतीच्या तडाख्यात सापडली, तर त्या खडकांवर तिचे काय होते ते वाड्याने पूर्वी पाहिलेले होते. ओंडक्यांवरून होडी वर सरकत होती, ट्रॅक्टरवर स्वतः हरेश्वर होता, दोर ताठ झाला होता. जयवंतराव इंजिनाशेजारून चालत होते. त्यांची नजर ना होडीवर ना दोरावर. ती तेलाचा दाब दाखविणाऱ्या काट्यावर खिळलेली. इंजिन चांगले तापले आणि तो काटा हळूहळू खाली येऊ लागला... लाल पट्ट्याला टेकला. क्षणाचाही विचार न करता त्यांनी हात घालून इंजिन बंद केले.

"मामा, बंद कशाला केलात? पन्नास फूट राहिलंय, ओढून टाकतो ना!" हरेश्वर ओरडला.

"दाब नाय तिकडे तेल पोचत नाय. आत शाफ्ट जाम धरला तर? मगे होडीय जातली नि ट्रॅक्टरय जातलो. उतर खाली!"

"त्या मीटरचं काय मनावर घेता, मामा? तो तर माझ्या लग्नाच्या आधीचा आहे," चंद्रा म्हणाली.

"म्हणूनच माझा लावून बघतो, गं. मीटर खोटं बोलत असला तर तुझी माफी मागेन."

माणसांनी होडीखाली पाचरी ठोकल्या. पाणी अजून वीस-पंचवीस पावले दूर होते, पण प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा थोडी वर येत होती. जयवंतरावांनी जुन्या मीटरची तांब्याची नळी इंजिनापासून सोडविली आणि त्या जागी पिशवीतला आपला मीटर बसविला. दहा अंक मोजेपर्यंतच इंजिन चालविले. नवा काटा किंचित उठला, थरथरला आणि तिथेच खाली बसला. म्हणजे जुना मीटर खरेच सांगत होता. मग त्यांनी काडी उपसली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होते आणि काडीवरून ते पाण्यासारखे ओघळत होते. "हे ऑईल? ही तर सोलकढी झाली!" ते म्हणाले. कोणीतरी हसले.

न्यायशास्त्र शिकताना प्रमाणांची चर्चा मी पुष्कळ केली होती. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्ष, त्यावरून बांधतो ते अनुमान, आणि विश्वासू माणसाचे वचन हेही एक प्रमाण. त्या उतारावर शास्त्र न शिकलेला हा पंडित तीच वाट चालत होता, आणि तिसऱ्या प्रमाणापाशी येऊन तो थांबला. "हरेश्वर, तेल घातलंस का तू?" "घातलं असेल, मामा..." "असेल नको! घातलंस की नाय?" "नाही." मग ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, रोज काडी तुम्ही बघता. तेल वाढत होतं?"

वाढत होते. आठ-दहा दिवस मी पाहत होतो. खाली जाण्याची तेवढी काळजी मला शिकविलेली. वर चढणारे तेल पाहून मला समाधान वाटले होते. देवीची कृपा आहे, इंजिन तेल खात नाही, असे मी आरतीनंतर चार जणांना सांगितलेही होते. आता तेच चार जण माझ्यासमोर होडीला खांदा देऊन उभे होते. 'लक्षात नाही' असे म्हटले असते, तर कोणीही मला दोष दिला नसता... "हो," मी म्हणालो. "रोज थोडे थोडे वाढत होते."

"ट्रॅक्टर बंद असायचा त्या दिवशी पण?"

"त्या दिवशीही."

"आणि बोलला नाहीत?"

"मला ते शुभ वाटले."

ते जवळ आले. रागाने त्यांचा चेहरा ताणला होता. "तुमच्या दिव्यातलं तेल आपोआप वाढलं तर काय कराल?"

"कोणी घातले, ते विचारीन."

"मग इथं का नाय विचारलात?" एवढे बोलून त्यांनी तेलाचे बोट माझ्या नाकाखाली धरले. डिझेलचा उग्र वास आला. ते वळून हरेश्वरला म्हणाले, "डिझेलच्या पंपाचा पडदा फाटलाय. टाकी वर, पंप खाली. बंद असताना पण डिझेल झिरपून तेलात उतरतंय. बेअरिंग झिजली असती तर इथं हात टेकले असते. पंप आहे म्हणजे जमेल. नवीन ऑईल आणा, पळा!"

त्यानंतरची वीस मिनिटे कशी गेली, ते आजही नीट सांगता येत नाही. पडवीतला नव्या तेलाचा डबा घेऊन चंद्रा आणि दोन बायका धावत आल्या. जयवंतरावांनी कढत तेल पिंपात उतरविले, त्यात त्यांचे मनगट पोळले. पंपाला वगळून त्यांनी टाकीतले डिझेल रबरी नळीने थेट पुढे इंजिनाला जोडले. लाटेचा फेस होडीच्या मागच्या अंगाला लागला तेव्हा हरेश्वरची आई मोठ्याने देवीचे नाव घेऊ लागली. माझ्या ओठांवर मात्र नाव येईना. मी त्या काट्याकडे पाहत होतो.

"आता लावू, मामा?" हरेश्वरने विचारले.

"लाव. माझ्या हाताकडे बघ, समुद्राकडे नको."

काटा वर चढला आणि टिकला. दोर ताणला गेला, पाचरी निघाल्या. पन्नास फूट जायला किती वेळ लागला, कोण जाणे. होडी नारळांच्या ओळीपाशी पोहोचली तेव्हा चंद्रा वाळूत बसली आणि रडली. संध्याकाळी मी क्षमा मागायला गेलो. मनगटावर ओला फडका गुंडाळून जयवंतराव चहा पीत होते. "गुरुजी, चूक कोणाचीही होते," ते म्हणाले. "पण तुम्ही 'लक्षात नाय' म्हटलं असतं, तर मी अजून अर्धा तास चुकीच्या जागी शोधत बसलो असतो, आणि होडी गेली असती. उद्यापासून काडी बघाल तेव्हा वास पण घ्या." शास्त्र ज्याला आप्त म्हणते, तो जसे पाहिले तसे सांगणारा असतो. हा अर्थ मी मुलांना पाठ करून दिला होता. त्याची किंमत काय असते, ते मला त्या वाळूवर कळले.

गेल्या आठवड्यात होड्या वर घेतल्या, जयवंतरावांवाचून पहिल्यांदाच. सकाळी काडी उपसली, तर तेल कालच्यापेक्षा बोटभर वर. उतारावर माणसे जमली होती, ओंडके मांडून झाले होते, भरतीची वेळ ठरलेली होती. मी हात वर करून सर्वांना थांबविले आणि विचारले, "तेल कोणी घातले?" "गुरुजी, उशीर होतोय," मागून कोणीतरी कुरकुरले. मी पुन्हा विचारले. शेवटी चंद्रा गर्दीतून पुढे आली. "मी घातलं. काल. सांगायचं राहिलं." हरेश्वर तिच्यावर ओरडणार होता, पण ओरडला नाही. त्याने माझ्या हातातली काडी घेतली, बोटावर तेल चोळले, वास घेतला आणि काडी परत माझ्यापुढे धरली. मीही वास घेतला. वास निव्वळ तेलाचा होता. जादा तेल काढून पातळी खुणेवर आणली.

हरेश्वर ट्रॅक्टरवर चढला. इंजिन सुरू झाले, काटा उठला, स्थिर झाला. दोर अजून सैल होता. तो बसल्या जागेवरून माझ्याकडे पाहत राहिला. आजूबाजूची सारी माणसेही माझ्याकडेच पाहत होती.

"आता लावू, गुरुजी?"

मी इंजिनाशेजारी, काटा दिसेल असा उभा राहिलो आणि हात वर केला.